कोयनेलीच्या जागी

“हे किती वाढतं?” शालननं विचारलं. नर्सरीत शिरल्यापासून हाच प्रश्न ती तिसऱ्या झाडाबद्दल विचारत होती.

गिरजाबाईंनी हातातली झारी खाली टेकवली. “कामिनी हाय ही. वाढू द्याल तेवढी वाढती. दीड पुरुस तर कुठं गेली न्हाई.”

“मग नको.”

“अगं, पण आपल्याला तसंच हवंय,” मी म्हणालो. “दाट आहे, बारमाही हिरवी आहे, वर फुलांना वास. सहा-सात फूट झाली की काम झालं.”

“नको म्हटलं ना,” शालन म्हणाली आणि पुढच्या ओळीकडे गेली.

ही शहाण्णव सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. बार्शीहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर गिरजाबाईंची नर्सरी होती. हिरवी जाळी, तिच्याखाली काळ्या पिशव्यांतली रोपं आणि पाण्याचा एक सिमेंटचा हौद. आम्ही घरापासून रिक्षानं आलो होतो. ऊन येतं म्हणून रिक्षाचा बाजूचा पडदा मी स्वतःच्या हातानं खाली सोडला होता. खरं तर सकाळचे साडेनऊच वाजले होते आणि ऊन शालनच्या बाजूला होतं.

गिरजाबाई आमच्या मागून येत होत्या. साठीच्या असतील. गुडघे दुखत असावेत, कारण प्रत्येक ओळीपाशी त्या कमरेवर हात ठेवून थांबायच्या.

“सर, आधी मला जागा सांगा,” त्या म्हणाल्या. “तोंड कुणीकडं घराचं?”

“दक्षिणेला.”

“म्हंजे दिवसभर ऊन. सावली कशाचीच न्हाई?”

“नाही. समोर रस्ता, मग आमची अंगणाची भिंत गुडघ्याएवढी, आणि भिंतीला लागून आतल्या अंगाला वाफा. अठरा फूट लांब, अडीच फूट रुंद.”

“माती?”

“काळी. हातभर खाली मुरूम लागतो.”

“मग येक्झोरा नका घेऊ. दिसाया झ्याक, पण काळ्या मातीत पिवळा पडतोय. माझंच गिऱ्हाईक मला शिव्या देतंय.” त्यांनी एका कोपऱ्याकडे बोट केलं. “ड्युरांटा बघा. कापला तर बुटका, सोडला तर उंच. दोघांचंबी भागंल.”

“आणि कापायचा कोणी?” शालन म्हणाली. “दर पंधरा दिवसांनी कात्री घेऊन उभं राहायचं? मला असं झाड हवंय, की जे मुळातच वाढणार नाही.” तिनं पिशवीतून शिवणाची टेप काढली आणि एका रोपाच्या बुंध्यापासून धरून वर सोडली. “आमच्या खिडकीचा कट्टा जमिनीपासून अडतीस इंचांवर आहे. त्याच्या खाली राहिलं पाहिजे. चांगलं खाली.”

म्हणजे घरून मापं घेऊन आली होती ती. मला काही सांगितलं नव्हतं.

गिरजाबाईंनी टेपकडे बघितलं, मग तिच्याकडे. “मग ही घ्या की. बुटकी कण्हेर. गुलाबी. ऊन जेवढं जास्ती तेवढी हसती. पाणी इसरला तरी मरत न्हाई. गुरं तोंड लावत न्हाईत.”

“ती नको,” शालन म्हणाली.

इतकी झटकन म्हणाली, की गिरजाबाईंनी पुढं केलेला हात मागे घेतला. कण्हेरीला गुरं तोंड का लावत नाहीत, हे तिथं उभ्या असलेल्या आम्हा तिघांनाही माहीत होतं. गिरजाबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी डोक्याला गुंडाळलेला टॉवेल आणखी पुढे ओढला.

“तुमचं दोघांचं आधी घरी ठरू द्या,” गिरजाबाई शेवटी म्हणाल्या. “झाडं काय पळून जात न्हाईत.”

आम्ही रिकाम्या हातानं परत आलो.

आता मागचं थोडं सांगायला हवं. मी गणिताचा शिक्षक. बार्शीतल्याच एका शाळेत चौदा वर्षं शिकवत होतो. साबळे सरांचा तास म्हटलं की मुलं पाच मिनिटं आधी वर्गात बसायची, एवढं नाव होतं. पंच्याण्णवच्या पावसाळ्यापासून मला झोप लागेनाशी झाली. मग भूक गेली. मग साध्या गोष्टींची भीती वाटायला लागली. घंटेची, पोस्टमनची, कोणी ‘सर’ म्हणून हाक मारली तर त्या हाकेची. मी कोणालाच सांगितलं नाही. ऑक्टोबरमध्ये नववीच्या वर्गात एक समीकरण फळ्यावर लिहिता लिहिता माझा हात थांबला. पुढची ओळ आठवेना. मी खडू धरून फळ्याकडे तोंड करून किती वेळ उभा होतो, कोण जाणे. नंतर मुलांनी सांगितलं की सर रडत होते, आणि थांबतच नव्हते.

मला सोलापूरला नेलं. तिथं मानसिक आजारांच्या दवाखान्यात मी तीन महिने होतो. आम्हाला मूलबाळ नाही. शालन दर रविवारी एसटीनं यायची, डब्यात धपाटी आणायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. तिथल्या भेटीच्या खोलीत ती मला फक्त बरं बरं सांगायची. सोसायटीतले सगळे विचारतात. नळाला पाणी येतं. शिवणाचं काम आहे थोडंफार. ती घरी ब्लाऊज शिवायची आणि पुढच्या खोलीतल्या खिडकीशी तिचं मशीन होतं.

शिक्षक सोसायटीतल्या आमच्या घरापुढे कोयनेलीचं कुंपण होतं. घर बांधलं त्याच वर्षी मी लावलं होतं. सात फूट उंच आणि इतकं दाट, की रस्त्यावरून फक्त आमच्या घराचा पत्रा दिसायचा. दवाखान्यात असताना मला कशाचा आधार वाटत असेल तर त्याचा. शाळेत जाणारी सगळी मुलं आमच्या घरावरून जायची. पण आपण आत असू, असं मी मनाशी म्हणायचो. आपण कोयनेलीच्या आत असू. कोणाला काही दिसणार नाही.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी घरी आलो. रिक्षातून उतरलो आणि बघतो तर समोर नुसता उघडा वाफा. जमिनीलगत छाटलेले बुंधे. घर असं दिसत होतं, जसं एखाद्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण कोणी ओढून घेतलंय.

“कोयनेल कुठं गेली?” मी विचारलं.

“वाळवी लागली होती,” शालन म्हणाली. “आत चला, ऊन आहे.”

मी विश्वास ठेवला. त्या दिवसापासून पुढच्या खोलीत बसणं सोडलं. मागच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दाराशी, खुर्ची टाकून दिवस काढायचो. सकाळी अकराला आणि संध्याकाळी पाचला शाळेची मुलं रस्त्यानं जायची, तेव्हा मी रेडिओ मोठा करायचो.

नर्सरीतून परत आलो त्या दिवशी दुपारी मी न राहवून बोललो.

“तुला बुटकंच झाड का हवंय, ते मला कळलंय.”

ती पोळ्या लाटत होती. “काय कळलंय?”

“तू बाजारात गेलीस, नळावर गेलीस, तरी तुला रस्त्यावरून आत दिसायला पाहिजे. मी काय करतोय ते. पहारा ठेवायचाय तुला माझ्यावर.”

तिनं लाटणं थांबवलं नाही.

“दाढीचा डबा तुझ्या कपाटात कुलपात असतो,” मी म्हणालो. “रोज सकाळी काढून देतेस आणि माझी दाढी होईपर्यंत दारात उभी राहतेस. मला काही कळत नाही का? आणि आज त्या बाईसमोर कण्हेरीला नको म्हणालीस ते कसं म्हणालीस? वेड्याला घेऊन आल्यासारखं.”

“डॉक्टरांनी सांगितलंय मला लक्ष ठेवायला. ठेवते मी,” ती म्हणाली. “त्याचा राग आला तरी मी ठेवणार. पण झाडाचा आणि त्याचा काही संबंध नाही.”

“मग कशाचा आहे?”

तव्यावरची पोळी करपली, ती तिनं स्वतःच्या ताटात घेतली.

तीन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. ‘गोळी घेतली का’ आणि ‘घेतली’.

चौथ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला मी पुढच्या दारातून बाहेर आलो. त्या वेळी सोसायटीत चिटपाखरू नसायचं. शाळा भरलेली असायची, बायका पडलेल्या असायच्या. शालन आत मशीनशी होती, पण मशीन चालू नव्हतं. ते त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही. मी वाफ्याशी उकिडवा बसलो. उंच झाड लावायचं तर खड्डे किती खोल लागतील याचा अंदाज घ्यावा, म्हणून खुरपं घेऊन एका बुंध्याभोवतीची माती उकरायला लागलो.

माती उकरली आणि मी बघतच राहिलो. मूळ मनगटाएवढं जाड, पांढरंशुभ्र, ओलं. वाळवीचा मागमूस नाही. दुसरा बुंधा उकरला. तोही तसाच. आणि जमिनीलगत, छाटलेल्या कडेला, कोवळी पोपटी पानं फुटली होती. एका बुंध्याला नाही, सगळ्यांना. अठरा फुटांच्या वाफ्यात कोयनेल पुन्हा वर यायला लागली होती.

मला केवढा आनंद झाला! किती महिन्यांनी मी मोठ्यानं हाक मारली. “शालन! अगं, इकडे ये! बाहेर ये लवकर!”

ती घाबरून धावतच आली. पायात चप्पलही नव्हती.

“हे बघ,” मी म्हणालो. “मेलीच नाहीये. फुटलीय सगळी. वाळवीबिळवी काही नाही. शेणखत घातलं, दिवसाआड पाणी दिलं तर दिवाळीपर्यंत होती तशी होईल. विकत काही आणायलाच नको. आपण उगाच भांडलो!”

ती उन्हात उभी राहून त्या पोपटी पानांकडे बघत होती. तिचा चेहरा असा झाला, की माझं बोलणं आपोआप थांबलं.

“वाळवी नव्हतीच,” ती म्हणाली.

“मग?”

“मी तोडली.”

“तू?”

“कोयत्यानं. मागच्या गल्लीत बांधकाम चालू होतं, तिथनं मागून आणला. सकाळपासून दुपारपर्यंत लागलं मला. हाताला फोड आले होते. तुम्ही दवाखान्यात विचारलंत, हाताला काय झालं, तर मी म्हटलं, वाफेनं भाजलं.”

मला ते आठवलं. तिच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या त्या रविवारी.

“पण का?”

ती वाफ्याच्या भिंतीवर बसली. मी उकिडवाच होतो. भर दुपारी, रस्त्याकडे पाठ करून, ती मला सांगायला लागली. आवाज अगदी साधा होता, रेशनवर काय मिळालं नि काय नाही ते सांगावं तसा.

“तुम्हाला नेलं त्यानंतर पहिले आठ दिवस सगळे आले. मग कोणी येईना. ब्लाऊज टाकायला यायच्या त्या बायका बंद झाल्या. दुकानात गेले तर बोलणं थांबायचं. म्हटलं, असू दे. लोकांना काय बोलावं ते कळत नसेल. संक्रांतीला मला कोणाचंच हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. मग मी ठरवलं, आपणच बोलवू. सोसायटीतल्या एकोणीस घरी जाऊन आले. सगळ्या म्हणाल्या, येते हं. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या आणल्या. तिळाच्या वड्या केल्या. फाटकाबाहेर रांगोळी काढली. पाच वाजता साडी नेसून बसले.”

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. “किती आल्या?”

“साडेसातपर्यंत बसले होते मी,” ती म्हणाली. “समोरच्या देवकरवहिनी त्यांच्या दारात आल्या होत्या. रांगोळीकडे बघितलं त्यांनी. मग दार लावून घेतलं. कोयनेलीच्या फटीतून दिसलं मला.”

रस्त्यावरून एक सायकलवाला गेला. मी तोंड फिरवलं नाही.

“मी मनाची समजूत घातली, की कुंपण एवढं उंच आहे. आत दिवा लागलाय, मी बसलेय, कोणाला दिसलंच नसेल. दिसलं असतं तर एखादी तरी आली असती. त्याच समजुतीवर रात्र काढली आणि सकाळी कोयता आणला.”

“कुंपणामुळे कोण यायचं थांबतं, शालन?”

“मला काय कळत नाही का ते?” पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. “पण माणसांना काय करणार होते मी? कोयनेल हाताशी होती.”

मी खुरपं खाली ठेवलं.

“तुम्ही येणार म्हटल्यावर वाटलं, आता दोघं असू. पुढे मोकळं असेल. कोणी जाता-येता बघेल, हाक मारेल. नाहीच मारली तर आपण मारू. तर तुम्ही आलात त्या दिवसापासून एकच. कुंपण कुठंय, कुंपण कुठंय. तीन महिने मी त्या कुंपणाच्या आत एकटी होते हो. आणि आता तुम्ही म्हणताय, खत घालून परत वाढवू.”

मग ती रडली. मी तिला रडताना त्याआधी फार तर दोनदा बघितलं असेल. तोपर्यंत मला वाटत होतं, आमच्या घरात आजार एकट्या मलाच झालाय.

मी उठलो, मागच्या पडवीतून कुदळ आणली आणि पहिल्या बुंध्याच्या मुळाशी घातली.

“अहो, ऊन आहे,” ती डोळे पुसत म्हणाली. “संध्याकाळी करा.”

“संध्याकाळी माझ्यानं बाहेर येववणार नाही,” मी म्हणालो. “आत्ताच आलोय तर होऊ दे.”

कोयनेलीची मुळं सहज निघत नाहीत. तीन बुंधे निघेपर्यंत माझा बनियन भिजला. तीन महिने नुसतं पडून असलेलं अंग. दर दहा मिनिटांनी बसावं लागायचं. शालन पाणी आणून द्यायची आणि मोकळी झालेली मुळं ओढून फाटकाशी टाकायची. चार वाजले. साडेचार झाले. मला घड्याळ न बघता कळत होतं. पाच वाजायला आले तशी ती म्हणाली, “आता आत जा तुम्ही. उरलेलं उद्या बघू.”

लांबून शाळेची घंटा ऐकू आली.

आत जायचं तर दहा पावलं होती. मी कुदळीच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभा राहिलो आणि बुंध्याकडे बघत राहिलो. रस्त्यावर मुलांचा आवाज यायला लागला, जवळ आला आणि आमच्या घरापाशी येऊन एकदम बंद झाला. मी कुदळ उचलली. खाली घातली. पुन्हा उचलली.

“नमस्ते सर,” कोणीतरी मुलगी म्हणाली.

“नमस्ते,” मी म्हणालो. वर बघितलं नाही. ती मुलं पुढे गेली आणि मग हसली. मला हसली की आपसात हसली, ते कळलं नाही. आणखी एक घोळका गेला. मग आणखी एक. कुदळ चालू होती.

शेवटी एक सायकल थांबली. चित्रकलेचे मुलाणी सर. आम्ही अकरा वर्षं स्टाफरूममध्ये शेजारी बसायचो. ते सायकलवरून उतरले.

“मुळं काढताय?” ते म्हणाले.

“हो. दुसरं काहीतरी लावायचंय.”

“दोनदा आलो होतो मी, साबळे सर. या कोपऱ्यापर्यंत. काय बोलायचं ते कळेना, म्हणून परत गेलो.” त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, शर्टाच्या बाह्या दुमडल्या. “एकट्यानं नाही निघायचं ते. सरका जरा.”

अंधार पडायच्या आत आम्ही दोघांनी मिळून सात बुंधे काढले. उरलेले पुढच्या दोन दिवसांत निघाले. आम्ही आजाराबद्दल एक शब्द बोललो नाही. ते जाताना शालननं त्यांना चहा दिला, तो त्यांनी वाफ्याच्या भिंतीवर बसून, रस्त्याकडे तोंड करून प्यायला.

वाफा मोकळा झाल्यावर मी गिरजाबाईंच्या नर्सरीत गेलो. एकटा, आणि चालत. दीड मैल असेल. डोक्याला टॉवेल होता, पण तो उन्हासाठी.

गिरजाबाईंनी मला ओळखलं. “ठरलं का?”

“ठरलं. दोन फुटांच्या वर न जाणारं पाहिजे. न कापता. दिवसभर ऊन सोसणारं, काळ्या मातीत पिवळं न पडणारं. आणि कण्हेर नको.”

“तवा ताई म्हनत हुत्या तसंच की.”

“तसंच.”

त्यांनी कोपऱ्यातली एक पिशवी उचलून माझ्यासमोर ठेवली. बारीक, गडद हिरवी, चकचकीत पानं. झाडाचा आकार आपसूकच गोल, ताटात काढलेल्या भाताच्या मुदीसारखा. टोकाला चार-दोन पांढऱ्या कळ्या. “मिनी चांदणी. तगरीतलीच, पन ही बुटकी जात. पाच वर्सांनी आलात तरी तुमच्या मांडीच्या वर दिसायची न्हाई. उन्हात घाला, फुलं बारा म्हैने. दीड-दीड फुटावर लावा. पयला म्हैना पान्याची हयगय नको, मग तिची ती बघती.”

मी अकरा रोपं घेतली. त्या म्हणाल्या, तुमच्या वाफ्याला बारा लागतील. मोजलं तर त्यांचंच बरोबर होतं. गणिताच्या शिक्षकाचं चुकलं म्हणून त्या मनापासून हसल्या. मीही हसलो.

रोपं टेम्पोत घालून घरी आलो तेव्हा शालन फाटकात उभी होती. एक रोप उचलून तिनं सगळ्या बाजूंनी फिरवून बघितलं. “पांढरी फुलं का?” एवढंच म्हणाली. “गुलाबी नव्हती काही?” पण त्या संध्याकाळी खड्ड्यांत शेणखत तिनंच घातलं, आणि माझी ओळ वाकडी होतेय म्हणून पाचवं आणि सहावं रोप पुन्हा काढायला लावलं.

पुढे जूनमध्ये मी शाळेत परत रुजू झालो. पहिले काही महिने अवघड गेले. मुख्याध्यापकांनी मला नववी द्यायची टाळली, ती मी मागून घेतली. त्यानंतर सोळा वर्षं शिकवलं. मधे दोनदा आजार उलटला, पण दोन्ही वेळेला मी आधी सांगितलं. ते सगळं वेगळं. मला सांगायची आहे ती त्याआधीची, रोपं लावल्यानंतरच्या मार्चमधली एक सकाळ.

चांदणीनं मुळं धरली होती. नवी पालवी आली होती आणि तिसऱ्या-चौथ्या रोपाला फुलंही होती. मी झारीनं पाणी घालत होतो. आत खिडकीशी शालन मशीनला तेल देत बसली होती. खिडकी उघडी, पडदा बाजूला. समोरच्या देवकरवहिनी हातात कापडी पिशवी घेऊन त्यांच्या फाटकातून बाहेर आल्या, मला बघितलं आणि रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जायला लागल्या.

“नमस्कार वहिनी,” मी म्हणालो.

त्या थांबल्या. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “नमस्कार. बरंय ना सर आता?”

“बरं आहे. गोळ्या चालू आहेत. वर्षभर घ्यायच्या आहेत.”

मी इतकं सरळ सांगेन असं त्यांना वाटलं नसावं. क्षणभर त्या गोंधळल्या. मग रस्ता ओलांडून अलीकडे आल्या आणि वाफ्याकडे बघायला लागल्या, कारण कुठंतरी बघायला हवंच होतं.

“कसली झाडं ही?”

“चांदणी. बुटकी तगर म्हणा. याहून फार वाढत नाही.”

“देवाला होतील फुलं.”

“न्या ना. रोज न्या.”

त्यांनी एक फूल तोडलं. मग मान वर केली, आणि झाडांच्या वरून त्यांना खिडकीतली शालन दिसली. शालननंही त्यांना बघितलं. देवकरवहिनींच्या कपाळावर घाम आला होता.

“शालनताई,” त्या म्हणाल्या, “दोन ब्लाऊज टाकायचे होते. भाचीचं लग्न आहे. सोमवारपर्यंत होतील का?”

शालननं तेलाची कुपी शांतपणे खाली ठेवली. फडक्याला हात पुसले.

“सोमवारी नाही जमायचं वहिनी,” ती खिडकीतूनच म्हणाली. “हातात कामं पडलीत खूप. गुरुवारी बघते.”

“बरं बरं. गुरुवारी चालेल की,” वहिनी घाईघाईनं म्हणाल्या. पिशवी त्यांनी चांदणीवरून माझ्या हातात दिली, मापाचं जुनं ब्लाऊज आत असल्याचं सांगितलं आणि आणखी थोडं काही बोलायचं असल्यासारख्या उभ्या राहिल्या. मग, “येते हं,” म्हणून गेल्या.

मी पिशवी घेऊन आत आलो. मशीनवर काही नव्हतं. शेजारच्या पाटावर काही नव्हतं. ऑक्टोबरपासून त्या खोलीत एक चिंधीसुद्धा पडली नव्हती.

“कुठली कामं पडलीत?” मी हळूच विचारलं.

“तुम्ही गप्प बसा,” शालन म्हणाली. पिशवीतलं कापड तिनं बाहेर काढलं, उजेडात धरलं, हातानं पोत बघितला. “मी पाच महिने थांबले. त्यांना चार दिवस थांबू दे.”

दोन्ही ब्लाऊज त्याच संध्याकाळी शिवून, हुक लावून, इस्त्री करून तयार होते. दिले मात्र तिनं गुरुवारीच.